गेंड्याला पहारा, भेकाला पोटखराबा

मागच्या जूनमधली गोष्ट. मित्राच्या दुधाच्या टेम्पोतून आंबोलीहून आजऱ्याकडे परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. दुपारपासून झोडपणारा पाऊस नुकताच उघडला होता आणि काच आतून सारखी धुरकटत होती. हेडलाइटच्या उजेडात डांबरावर काहीतरी हललं म्हणून मी त्याला थांबायला लावलं. खाली उतरून बॅटरी मारली. अंगठ्यापेक्षा जेमतेम मोठा एक भेक पुढचे पाय रोवून, मान वर करून बसला होता. पिवळट अंग, त्यावर काळपट पट्टे. गळ्याखालची कातडी भराभर हलत होती. त्याच्यापासून वीतभर अंतरावर दुसरा होता, तो डांबराला चिकटलेला. त्याच्यावरून पाणी वाहत होतं, तरी पट्टे ओळखू येत होते.

"एवढ्यासाठी थांबवलंस व्हय रं?" मित्र खिडकीतून म्हणाला. "बेडूकच न्हवं त्यो?"

जिवंत होता त्याला मी ओंजळीत घेऊन कडेच्या दगडांत सोडलं. गाडीत बसल्यावर सांगितलं, की याचं सगळं गणगोत या आंबोलीच्या आसपासच आहे, इथून गेला की गेला. मित्र जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे गेंड्यागत झालं की."

त्याने तुलना सहज केली होती, पण माझ्या डोक्यातून ती गेली नाही. आपल्या भागात निसर्गप्रेमाची पुष्कळ भाषणं होतात, आणि त्या भाषणांत ही दोन नावं कधी शेजारी बसत नाहीत. ती बसवून बघायला हवीत.

आधी साधा हिशेब. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी असते. त्या यादीत आपला एकशिंगी गेंडा 'असुरक्षित' या पायरीवर आहे. त्याच्या वर 'संकटग्रस्त', आणि त्याच्याही वर 'अतिसंकटग्रस्त'. आंबोलीचा हा पट्टेरी भेक त्या सगळ्यांत वरच्या पायरीवर आहे. म्हणजे मित्राची तुलना कमीच पडत होती. भेकाची गत गेंड्याहून वाईट आहे. शास्त्राला तो स्वतंत्र जात म्हणून माहीत झाला २००९ साली. अंगावरच्या पट्ट्यांमुळे त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला, टायगरिना. त्याचा एक भाऊबंद कोयनेच्या परिसरात आहे, त्याची नोंद १९६३ची. सह्याद्रीतल्या या दोन भेकांचं मिळून एक छोटं कुळ आहे.

ही एकट्या आंबोलीची गोष्ट नाही. २०२३ साली जगभरातल्या आठ हजारांवर उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. सस्तन प्राण्यांत हेच प्रमाण २७ टक्क्यांच्या आत आहे, पक्ष्यांत १३ टक्क्यांच्या आसपास. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत बेडकांच्या या उभयचर गटाएवढी वाईट अवस्था दुसऱ्या कुठल्याच मोठ्या गटाची नाही. तरी शाळेत 'धोक्यातले प्राणी' असा तक्ता करायला सांगितला की पोरं वाघ, हत्ती आणि गेंडा चिकटवतात. पोरांचा दोष नाही. चित्रं त्यांचीच मिळतात.

गेंड्याच्या वाट्याला जे आलं, ते कमी करा असं मी मुळीच म्हणत नाही. हे आधीच सांगतो, कारण अशा लेखांवर पहिली शंका तीच असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारत-नेपाळमिळून एकशिंगी गेंडे दोनशेच्या आत उरले होते. आज ते चार हजारांच्या घरात आहेत, आणि २०२२च्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ भरले. हे आपोआप झालं नाही. १९०५ पासून त्या जागेला संरक्षण देण्याची हालचाल सुरू झाली, १९७४ला राष्ट्रीय उद्यान झालं, आणि मधल्या सगळ्या काळात वनरक्षकांनी गुडघाभर चिखलात रात्री काढल्या. काहींनी जीव गमावला. २०२१च्या सप्टेंबरात आसाम सरकारने साठवलेली २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली, कारण बाजाराला एकदाचं कळावं की हे विकायचं नाही. ते शिंग म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच केराटीनचं. त्यात औषध नाही.

पण गेंडा का वाचला, हे नीट बघितलं तर भेक का वाचत नाही याचं उत्तर तिथेच सापडतं.

गेंड्याचा वैरी बाहेरचा आहे. बंदूक घेऊन येणारा शिकारी आणि त्याच्या मागे परदेशातला बाजार. त्याला अडवता येतं. कुंपण घाला, चौक्या बांधा, माणसं नेमा, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाव घाला. आणि मुख्य म्हणजे, गेंड्याला वाचवायला तुम्हाआम्हाला काही सोडावं लागत नाही. कोल्हापुरात बसून मी गेंड्यावर कितीही प्रेम करू शकतो, माझ्या रविवारच्या सहलीत त्याने फरक पडत नाही.

भेकाचा वैरी मीच आहे. त्या रात्री टेम्पोच्या चाकाखाली एखादा आला असेल, तर तो मी चिरडला. आंबोलीतून जाणारा संकेश्वर-बांदा रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि पहिल्या पावसाबरोबर कोल्हापूर-बेळगावच्या गाड्या धबधब्याकडे सुटतात. भेकाचा विणीचा हंगाम नेमका तोच. वर्षातला बराच काळ तो दगडांच्या खाली, फटींत दडून काढतो. पहिला दमदार पाऊस झाला की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, बशीएवढ्या, ताटाएवढ्या खळग्यांत पाणी साठतं, आणि मोजक्या दिवसांत नर गोळा होतात, ओरडतात, जोड्या लागतात, अंडी पडतात. वर्षाचा सगळा डाव त्या थोड्या रात्रींवर लावलेला असतो. मध्ये ऊन पडलं तर खळगे आटतात आणि अंडी वाळून जातात. पाऊस टिकला, तर पिल्लं त्या बोटभर पाण्यात तग धरतात. अशा खळग्यावरून गाडीचं एक चाक गेलं, की ताटातलं सगळं संपतं.

लोक म्हणतात, बेडूक शेकड्याने अंडी घालतो, गेंडी तीन-चार वर्षांतून एक पिल्लू देते, मग काळजी कुणाची करायची? प्रश्न बरोबर वाटतो. पण कोस्टारिकातल्या माँटेवर्देच्या डोंगरावर एक सोनेरी भेक होता. तोही असाच, पहिल्या पावसात उथळ डबक्यांवर जमणारा. १९८७ साली तिथे दीड हजारांवर भेक मोजले गेले. १९८९ साली एकच नर दिसला. त्यानंतर एकही नाही. तो डोंगर राखीव होता, झाडं तोडली जात नव्हती. पहारा असूनही भेक गेला. कारणांबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत. बदलतं हवामान आणि कातडीवर वाढणारी एक बुरशी, ही दोन नावं पुढे येतात. त्या बुरशीमुळे जगभरात निदान ५०१ उभयचर जाती घटल्या आणि त्यातल्या ९० नामशेष झाल्या, असा हिशेब २०१९ साली मांडला गेला. बेडूक कातडीतून श्वास घेतो, कातडीतून पाणी पितो. त्याच्या कातडीला लागलेली बुरशी म्हणजे आपल्या फुप्फुसाला लागलेली समजा. शेकड्याने अंडी घालणारा प्राणी दोन वर्षांत संपू शकतो, हे आपल्या हयातीत घडलेलं आहे.

आता छत्रीची गोष्ट. वन खात्यात आणि आमच्यासारख्या हौशी मंडळींतही एक समज पक्का आहे: मोठ्या प्राण्याला वाचवा, त्याच्या छत्रीखाली लहान सगळे आपोआप वाचतात. वाघ राखला की जंगल राहिलं, जंगलाबरोबर बेडूक राहिला. आपल्या जिल्ह्याने याचा फायदा घेतलाय, हे मान्यच आहे. दाजीपूरचं रान आधी संस्थानचं शिकारीचं राखीव, मग १९५८ला गव्यांसाठी अभयारण्य. पुढे चांदोली आणि कोयना मिळून २०१०ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ला युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा दिला, त्यात राधानगरी, चांदोली, कोयना आणि कास ही आपली ठिकाणं आहेत. अलीकडे वाघाची ये-जा राहावी म्हणून विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड आणि पलीकडे आंबोली-दोडामार्ग अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली. गव्याच्या आणि वाघाच्या नावाने जेवढं राखलं गेलं तेवढं बेडकाच्या नावाने कधीच राखलं गेलं नसतं.

पण छत्रीला कड असते, आणि आपला भेक नेमका कडेबाहेर बसलेला आहे. सड्यावर वाघ राहत नाही. तिथे त्याला सावली नाही, सावजही नाही. गवा चरायला येतो आणि जातो. झाड नसल्यामुळे सडा जंगलाच्या नकाशात नीट बसत नाही. संवर्धन राखीव क्षेत्र कायद्याप्रमाणे सरकारी जमिनीवरच करता येतं, त्यामुळे खासगी किंवा वादातला सडा त्यातून सुटतो. आणि सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद काय असते? पोटखराबा. म्हणजे पिकाला नालायक, आकारणीला नालायक. हा महसुली शब्द कोणी दुष्टपणाने केलेला नाही. शेतसारा ठरवण्यापुरता तो ठीक होता. पण पिढ्यान्‌पिढ्या कागदावर 'खराबा' वाचून आपल्या मनातही ती जागा खराबच झाली. मग तिथे रिसॉर्ट झालं तर कोणाचं काय गेलं? पवनचक्क्यांचा रस्ता काढला तर कोणाचं काय गेलं? शाहूवाडी, राधानगरी, चंदगड भागात बॉक्साइटच्या खाणींनी सड्यांची वरची कवचं खरवडली, तेव्हाही हेच बोललं गेलं: नुसता दगड तर होता.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्यात एकदा उभं राहून बघा. दुरून सपाट, उघडं माळरान. गुडघ्यावर बसलात, की दगडाच्या खळग्यात बोटभर पाणी, त्यात कीटक खाणाऱ्या दवबिंदूच्या तांबड्या चिमुकल्या रोपट्या, बेडकाची पिल्लं शेवाळ खरवडत फिरताहेत, आणि दोन पावलांवर जीपच्या चाकाने चिखलाची लांब रेघ ओढलेली. ती रेघ ओढणाराही बहुतेक निसर्ग बघायलाच आलेला असतो. म्हणून मला त्याचा राग येण्याऐवजी जीव तुटतो.

'बेडूक काय कामाचा?' हा प्रश्न आता घेऊ. मला त्याचं उत्तर देता येतं. भातखाचरात बेडूक किडे खातो, हे शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्या देशातून दरसाल हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या. १९८७ला ती निर्यात बंद झाली, आणि बेडूक गेले की कीड वाढते, कीटकनाशकांचा खर्च वाढतो, हा त्या वेळचा एक मोठा मुद्दा होता. मध्य अमेरिकेत बेडूक घटलेल्या भागांत पुढच्या वर्षांत मलेरिया वाढल्याचा अभ्यास २०२२ला पुढे आला, कारण डासांच्या अळ्या खाणारे कमी झाले. माझ्या आजोळी, भुदरगडात, चिखलणीच्या वेळी पिवळेधमक सोनबेडूक बांधावर बसून असे ओरडायचे की बैलांना हाकारलेलं ऐकू येत नसे. आता त्या खाचरांच्या बांधावर तणनाशक मारलेलं पिवळं गवत असतं, आणि आवाज पार पातळ झालाय.

हे सगळं खरं असूनही या उत्तराने माझं समाधान होत नाही. गेंड्याला कोणी विचारतं का, तू काय कामाचा? गेंडा आहे, एवढं पुरतं. त्याचं असणं हाच त्याचा दाखला. बेडकाला मात्र आधी उपयोगितेचा दाखला काढून आणायला लागतो, मग अर्ज विचारात. आंबोलीचा हा भेक एखाद्या पिकावरची कीड खातो का, हे मला सांगता येणार नाही आणि सांगायचंही नाही. उद्या तो कोणाच्याच उपयोगाचा नाही असं ठरलं, तरी तो ज्या कातळावर लाखो वर्षांच्या पावसातून घडला, तिथे राहण्याचा त्याचा हक्क माझ्या धबधब्याच्या फोटोपेक्षा जुना आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खं सूक्त आहे. पहिल्या पावसाने जागे होऊन ओरडणाऱ्या बेडकांची तुलना त्यात व्रतस्थ ब्राह्मणांच्या पठणाशी केलीय. ज्याने ते रचलं त्याने बेडूक नीट ऐकला होता. आपण मात्र 'कूपमंडूक' तेवढा पाठ केला.

एक गोष्ट मात्र सांभाळून बोलायला हवी. भेकाच्या नावाने आंबोलीच्या माणसांवर काही लादलं गेलं, तर ते पाप होईल. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या, जमिनीचा प्रश्न कित्येक दशकं रखडत आलाय. ज्यांच्या बापजाद्यांनी जमीन कसली, त्यांचंच नाव कागदावर लागत नाही, अशा माणसाला शहरातून जाऊन 'सडा बेडकाचा आहे' म्हणणं उर्मटपणाचं आहे. काझीरंगाच्या आसपासच्या गावांनीही गेंड्याच्या संरक्षणाची किंमत मोजलेली आहे, ती चूक इथे पुन्हा नको. आधी माणसांच्या नावावर जमिनी लागू देत. मग ज्याच्या वाट्याला सडा येईल, त्याला तो आहे तसा ठेवण्याबद्दल दरसाल मोबदला मिळायला हवा. सातबाऱ्यावर पोटखराब्याच्या पुढे दुसरी एक नोंद असावी, 'जैवविविधतेचा सडा' म्हणा किंवा काहीही, पण ज्याच्या वाट्याला सडा आला तो कपाळकरंटा असं वाटू नये.

हे अशक्य नाही, याचा दाखला आंबोलीतच आहे. हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवळाच्या कुंडात एक लहानसा मासा सापडला, २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. बोटाएवढ्या माशासाठी सरकारने कागद हलवला. देवाच्या कुंडातला म्हणून त्याला गावाने आधीच जपलं होतं, तो भाग मोठाच. आणि ही हिरण्यकेशी जाते कुठे? आजऱ्यातून गडहिंग्लजला, आपल्या जिल्ह्यात. ज्या डोंगरमाथ्यावर भेक अंडी घालतो, तिथलंच पाणी झिरपत झिरपत तिच्यात येतं आणि आपल्या उसाला लागतं. आंबोली सिंधुदुर्गात आहे म्हणून हा प्रश्न आपला नाही, असं कोल्हापूरकराला म्हणताच येणार नाही.

आणि रस्त्याचं काय? इथे गेंड्याकडूनच शिकता येतं. काझीरंगाच्या दक्षिण कडेने महामार्ग जातो. पुराच्या दिवसांत जनावरं उंचावर जाण्यासाठी तो ओलांडतात. तेव्हा तिथे गाड्यांना टाइम कार्ड देतात. नाक्यावर कार्डावर वेळ टाकायची, पुढच्या नाक्यावर ती तपासायची. ठरल्याहून लवकर पोचलास म्हणजे जोरात आलास, दंड भर. साधी पुठ्ठ्याची गोष्ट. रस्ता बंद नाही, व्यापार बंद नाही, फक्त वेग कमी. आंबोलीच्या माथ्यावरच्या मोजक्या किलोमीटरांत, पहिल्या पावसाच्या दहा-बारा रात्री, संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंत हेच का करता येऊ नये? रुग्णवाहिकेला सूट द्या. सड्यावर गाडी घालण्याला मात्र त्या महिन्यात पूर्ण बंदी हवी, आणि ती फक्त पाटीवर नको.

परवा मित्राला हे सगळं सांगितलं. त्याचं पोट त्या रस्त्यावर आहे, म्हणून त्याचं मत मला हवं होतं. त्याने बोटांवर हिशेब केला. "दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला तर दूध काय नासत न्हाई," तो म्हणाला. "पण रातच्याला तिथं पावसात कार्ड घिऊन हुबं कोण ऱ्हाणार? साहेब लोक न्हाई ऱ्हाणार."

मी म्हणालो, गावातली पोरं राहतील, रोज मिळाला तर. दोन नाके, प्रत्येकी तिघे, बारा रात्री. रेनकोट, बॅटऱ्या, चहा आणि रोजंदारी.

"आमच्या भाच्याला सांगतो," तो म्हणाला. "त्याला बेडूक धरायची लई हौस. पण पैशे आधी ठरवा, मे म्हैन्यात. जूनला ठरवायला बसलासा तर पाऊस थांबत न्हाई."